तुटक रेषेचा रस्ता

अमेरिकेत डेन्व्हर शहराहून यूटा राज्याच्या दक्षिण भागात गाडीने जायचं ठरलं, तेव्हा पहिली आखणी फोनवरच केली. गावांची नावं टाकली की निळी रेघ येते, तास येतात. आठ दिवसांची सहल अर्ध्या तासात बसली. मग नवऱ्याने घडीचा कागदी नकाशा आणून टेबलावर पसरला, आणि पुढचे तीन रविवार आम्ही त्याच्यावर ओणवे होतो.

यूटाच्या या भागात वाटेत काय लागतं यापेक्षा काय लागत नाही हे आधी कळायला हवं. फोनच्या पडद्यावर ते दिसत नाही. कागदावर मात्र दोन गावांमधला कोरा पट्टा लगेच डोळ्यांत भरतो.

टॉरी गावाहून निघणारा यूटा १२ हा रस्ता सुमारे १२३ मैलांचा, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आत. फोनने त्याला तीनेक तास दिले होते, आम्ही सबंध दिवस ठेवला, आणि तो पुरला नाही. बोल्डर आणि एस्कलांटे या गावांच्या मध्ये रस्ता एका अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल दरी. तिथे गाडी हळूच चालवावी लागते, आणि पुढे थांबायला जागा मिळाली की थांबावंच लागतं. उंची दाखवणाऱ्या रेषा जिथे दाट होतात तिथे वेळ दीडपट धरायचा, हे मी त्या दिवसापासून पाळते.

याच रस्त्यावरच्या कॅननव्हिल गावातून आम्हाला अ‍ॅरिझोनातल्या पेज गावी जायचं होतं. फोनने कॉटनवुड कॅन्यन रोड सुचवला. हायवेने कनाब गावावरून वळसा घालण्यापेक्षा अंतर जवळजवळ निम्मं. मी खूश होते. पण कागदावर ती रेषा तुटक होती. कोपऱ्यातली खुणांची यादी पाहिली: कच्चा रस्ता.

"कच्चा तर कच्चा, जाऊ की," मी म्हटलं.

"अगं, आदल्या रात्री पाऊस पडला तर? तिथे विचारू आधी," नवरा म्हणाला.

नेमका आदल्या रात्री पाऊस झाला. कॅननव्हिलच्या माहिती केंद्रात गेलो, तर टेबलामागच्या बाईंनी आमचा बेत ऐकताच मान हलवली. तिथली माती बेंटोनाइट जातीची. कोरडी असताना साधी गाडीही निघून जाते, ओली झाली की साबणासारखी होते. मग फोर-व्हील ड्राइव्हचाही उपयोग नाही, आणि अडकलात तर मदतीला बोलवायला रेंज नाही. डांबरी भाग संपतो तिथपर्यंत आम्ही जाऊन पाहिलं. पुढे राखाडी, चकचकीत चिखल होता आणि त्यात कुणाच्या तरी चाकांच्या आडव्यातिडव्या खुणा. तिथूनच मागे वळलो. फोन मात्र 'सरळ जा' म्हणत होता.

फोनला मी नावं ठेवत नाही. जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्यामुळे रेंज गेली तरी आपण कुठे आहोत तो ठिपका दिसत राहतो. नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला हवा, नाहीतर ठिपक्याखाली नुसता करडा पडदा उरतो. आता निघण्याआधीच्या रात्री मी सगळा भाग ऑफलाइन उतरवून घेते.

पेजला आणखी एक अडचण आली, ती घड्याळाची. उन्हाळ्यात यूटा घड्याळ एक तास पुढे करतो, अ‍ॅरिझोना करत नाही. त्याच राज्यातलं नावाहो राष्ट्र, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश, मात्र करतं. पेज या सगळ्यांच्या सीमेवर. फोन ज्या टॉवरला जोडला जाईल ती वेळ दाखवतो. पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ वाटाड्याशिवाय पाहता येत नाही आणि बुकिंगची वेळ पेजच्या घड्याळाची असते. सकाळी उठले तर माझ्या आणि नवऱ्याच्या फोनमध्ये तासाचा फरक! तुम्ही गेलात तर फोनची आपोआप वेळ बंद करून हाताने फिनिक्सची, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या राजधानीची, लावा.

परतताना आय-७० हा इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारा महामार्ग, धरला. इंटरस्टेटच्या आकड्यांची रीत एकदा समजली की फार आधार वाटतो. सम आकडे पूर्व-पश्चिम, विषम आकडे उत्तर-दक्षिण. बहुतेक राज्यांत एक्झिटचा, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायच्या वाटेचा, क्रमांक म्हणजे राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण हद्दीपासूनचे, नाहीतर रस्ता राज्यात जिथे सुरू होतो तिथपासूनचे मैल. सलायना गावाचा एक्झिट ५६, ग्रीन रिव्हरचा १६०. या दोहोंमध्ये पेट्रोल पंप नाही, गाव नाही. १६० मधून ५६ वजा केले, १०४ मैल आले, आणि सलायनाला टाकी काठोकाठ भरली.

अंधार पडला तेव्हा आम्ही त्या पट्ट्याच्या मध्यावर होतो. फोनला रेंज नव्हती. मांडीवर नकाशा होता, आणि बाहेर मैलाची पाटी आली की मी आकडा मोठ्याने वाचत होते: एकशे दहा, एकशे अकरा, एकशे बारा.