भिजत घातलेले नट

मोटारसायकलच्या सायलेन्सरचे नट मटकीसारखे आदल्या रात्री भिजत घालायचे असतात. इंजिन पूर्ण गार झालेलं असावं. डिझेलचे चार-पाच थेंब नटाच्या डोक्यावर न टाकता, नट जिथे स्टडच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या दांडीच्या, आट्यांवर चढलेला असतो त्या फटीत सोडावेत. मग पान्याच्या दांड्याने नटावर दोन-तीन हलक्या टिचक्या. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि डिझेलला आत झिरपायला वाट मिळते. एवढं झालं की दिवा घालवून खुशाल झोपावं.

‘भिजत घोंगडं’ हा शब्द आपण कायम कुरकुरत वापरतो. गाडीच्या कामात मात्र निम्मं कौशल्य भिजत ठेवण्यातच आहे. गॅरेजवाल्याला ते जमत नाही, आणि यात त्याचा दोष नाही. सकाळपासून आठ गाड्या रांगेत उभ्या, प्रत्येक मालक ‘भाऊ, किती वेळ?’ विचारतोय. रात्रभर थांबायला त्याच्याकडे रात्र कुठली? तो पान्यावर पाइप चढवून जोर लावतो. कधी नट सुटतो, कधी स्टड इंजिनाच्या हेडमध्येच तुटतो. मग ड्रिल, नवे आटे, लेथवाल्याकडे फेरी, आणि वीस रुपयांच्या कामाला हजाराचा खड्डा.

घरात अडकलेल्या माणसाकडे पाने कमी असतात, पण रात्री भरपूर असतात.

2020 साली 25 मार्चला गुढीपाडवा होता. नव्या गाडीला हार घालायचा तो दिवस, आणि नेमकी त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. गाड्या जिन्याखाली आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि उभी गाडीसुद्धा बिघडते हे घरोघर कळलं. बॅटरी उतरली, चेनला तांबडा रंग चढला, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं आणि खाली चिकट राळ उरली. टाळेबंदी गेली, पण कोकणातली, घाटमाथ्यावरची आषाढाची झड दरवर्षी येतेच. चार-चार दिवस गाडी बाहेर काढवत नाही. पडवीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ती मेन स्टँडवर घ्यावी आणि जी कामं सावकाशच होतात ती काढावीत.

त्यातलं सगळ्यात देखणं काम म्हणजे क्लचच्या केबलला तेल देणं. हँडलकडचं टोक लिव्हरमधून सोडवायचं. दुधाच्या रिकाम्या, धुऊन सुकवलेल्या पिशवीचा कोपरा कात्रीने जरासा कापायचा, त्यातून केबलचं टोक आत घ्यायचं आणि बाहेरून काळी इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळायची. झालं नरसाळं. त्यात शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन-तीन चमचे. पिशवी आरशाच्या दांड्याला अशी टांगायची की केबल शक्य तितकी उभी राहील. खालच्या टोकाशी एक वाटी. तेल तारेच्या पिळातून उतरत जातं. आधी खालच्या टोकाशी काळपट ओल दिसते, मग गंजाची भुकटी घेऊन पहिला थेंब लोंबतो, बराच वेळ नुसता लोंबतच राहतो. पहाटेपर्यंत वाटीत काळं तेल आणि नंतर त्यावर स्वच्छ तेलाचे थेंब दिसले की केबल धुतली गेली. इथे ग्रीस वापरू नये, ते तोंडाशीच अडतं आणि धूळ धरून ठेवतं. केबलला आतून नायलॉनचं अस्तर असेल तर तेलाची गरजच नसते. आणि तेल घालण्याआधी लिव्हरकडच्या गोळीपाशी तार नीट बघावी. एक जरी धागा तुटून वर आला असेल तर तेलाचे लाड पुरे, नवी केबल आणावी. परत जोडताना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर ढील ठेवायची. ढील नसेल तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

चेनला रॉकेलने धुवायची रीत होती. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोल नको, ते आतलं तेलही काढून टाकतं आणि पार्किंगमध्ये उघडं पेट्रोल ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जुन्या टूथब्रशने घासावं, चिंधीने पुसावं, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर 90 नंबरच्या गिअर ऑईलचा एकेक थेंब, चाक हाताने फिरवत. हाताने म्हणजे हातानेच. गाडी चालू करून गिअरमध्ये चेन पुसणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. आता ही चेन रात्रभर सोडायची आणि सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. हे ऐकून लोक हळहळतात, पण तेल लागतं ते पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेरचं तेल फक्त माती गोळा करतं आणि मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर नक्षी काढतं. चेन लॉकवाली, म्हणजे क्लिपने जोडलेली, असेल आणि काढलीच, तर परत बसवताना लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे हवं. उलटं बसलं तर एखाद्या खडीच्या ठोक्याने लॉक उडतं.

चेनची ढील शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण 25 मिलिमीटर. पण ती एकाच जागी मोजून भागत नाही, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक थोडं थोडं फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि तिथे ढील धरायची. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या की ॲक्सलचा नट आवळावा. इथे नेहमी एक गोष्ट विसरली जाते: ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो. पायातला ब्रेक पुन्हा सैल केला नाही तर दहा किलोमीटरवर ड्रम तापतो, आणि मायलेज का पडलं म्हणून माणूस कार्ब्युरेटर खोलून बसतो.

ऑईल बदलणं सोपं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करावं, तेही मोकळ्या हवेत; बंद शटरमागे धूर जीव घेतो. बोल्ट काढून पंधरा-वीस मिनिटं निथळू द्यावं, आणि बोल्ट परत लावताना वायसर दबल्याचं हाताला जाणवलं की थांबावं. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे मरायला एक जादा हिसका पुरतो. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना 900 मिलीचा डबा पुरतो. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA, तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीची खूण) लिहिलेलं बघून घ्यावं. कारचं ऑईल स्वस्त मिळालं म्हणून ओतलं तर त्यातल्या निसरड्या मसाल्यांनी क्लच घसरायला लागतो. आणि जुनं ऑईल गटारात नाही. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावं.

बॅटरीलाही रात्रच लागते. नियम असा की जितके अँपिअर-तास, त्याच्या दहाव्या हिश्श्याने चार्ज करायची. म्हणजे 3 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 0.3 अँपिअर, दहा-बारा तास. शेजाऱ्याचा कारचा चार्जर लावला तर ती तासाभरात उकळते, आणि सीलबंद असेल तर आत पाणी घालायची सोय नाही. सोडताना आधी काळी वायर, जोडताना ती शेवटी. उलटं केलं आणि लाल टोकावरचा पाना चासीला टेकला की दिवाळी.

रात्रभर इतकं काही भिजत, निथळत, चार्ज होत असताना दिवसा कोपऱ्याकडे बघावं. आपल्याकडे गॅरेज म्हणजे दुकान. घरची जागा म्हणजे जिन्याखालचा तुकडा, जिथे सायकली, पाण्याचं बॅरल आणि कुणाचा तरी मोडका कूलर आधीच नांदत असतात. चार बाय दोन फुटांचा 12 मिलिमीटरचा प्लाय भिंतीवर लावावा, पण थेट नाही. मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात भिंतीची ओल पिऊन तो पापडासारखा फुगतो. प्रत्येक पान्याची बाह्यरेषा मार्करने काढावी. संध्याकाळी रिकामी रेषा दिसली की 10 नंबरचा पाना अजून सीटखाली आहे हे कळतं. दिवा एक नको, दोन हवेत, दोन्ही बाजूंना. एकाच दिव्याखाली आपल्याच हाताची सावली नेमकी स्क्रूवर पडते.

स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे उत्तम. केसिंगच्या स्क्रूंसाठी मात्र पुठ्ठा घ्यावा, त्यावर केसिंगचा आकार काढावा आणि ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवावा. सगळे सारखे दिसतात, लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, आपल्याला वाटतं अजून बसायचाय, आणि मग केसिंग तडकल्याचा बारीक आवाज येतो. जमिनीवरच्या तेलाच्या डागावर लाकडाचा भुसा पसरून तोही सकाळपर्यंत तसाच ठेवावा.

सकाळी चहा घेऊन नटांकडे जावं. रिंग पानाच घ्यावा, तोंड उघडा पाना नटाचे कोपरे खातो. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्यावा, अगदी केसभर. गंजाची पकड तिथेच मोडते. मग उलटा. सुटणारा नट ‘कट्’ असा कोरडा आवाज करतो. तो ऐकू आला नाही, उलट पाना रबरासारखा लवचिक लागायला लागला, तर स्टड पिळला जातोय. लगेच हात काढावा, पुन्हा चार थेंब सोडावेत. बाहेर झड लागलेलीच आहे.