साइटची नोकरी सांभाळून बांधकाम व्यवस्थापनाची पदवी

दिवसा साइट आणि रात्री ऑनलाइन वर्ग, अशा रीतीने बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेताना मला सर्वाधिक उपयोगी पडला तो क्रिटिकल पाथचा अभ्यास. 1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत आकाराला आलेली ही पद्धत, कोणते काम एक दिवस लांबले तर सारा प्रकल्पच लांबेल, हे नेमके दाखवते. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू साधारणतः 14 दिवस काढायचे नसतात. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे वीटकाम कितीही गवंडी लावले तरी त्याआधी नीट सुरू होत नाही, हे वेळापत्रक स्वतः आखताना पटते. स्लम्प कोन, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा तपासण्याचा शंकूसारखा साचा, उचलल्यावर काँक्रीट किती खाली बसते, हे मात्र साइटवरच शिकावे लागते. म्हणून अनुभव नसलेल्यांनी या शिक्षणासोबत साइटवरचे कामही धरावे, असे मला मनापासून वाटते.