'आय नो'ची शीळ सुरात आली: नोंद सहावी

मंडळी, 'आय नो' या गाण्यातली शीळ अखेर सुरात आली. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की चारही तुकडे लयीत बसलेत, फक्त ऐकताना कुठेतरी खडा लागतोय. तो खडा सापडायला पाच आठवडे गेले, आणि सापडला तो मी एकदाही बघितलं नव्हतं अशा जागी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. डे ला सोल या अमेरिकन हिपहॉप त्रिकुटाचा १९८९चा पहिला अल्बम, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', मी घरी एकेक लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) करून पुन्हा बांधतोय. मूळ गाण्यांतले तुकडे शोधायचे, उचलायचे, जुळवायचे आणि अल्बमशेजारी वाजवून बघायचे. लॅपटॉपवर काम असलं तरी जागा आकाई एस९०० या जुन्या सॅम्पलरएवढीच (सॅम्पलर म्हणजे उचललेले आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून वाजवणारं यंत्र) घ्यायची, असा नियम मी घालून घेतलाय: १२ बिट, आणि सगळ्यात चांगल्या दर्जाला एकूण ११.७५ सेकंद. मॅनहॅटनच्या कॅलिओपी स्टुडिओत या अल्बमसाठी हे यंत्र वापरलं गेलं. सोबत ई-म्यू एसपी-१२ हा सॅम्पलर होता, आणि केसिओचं आरझेड-१ हे ड्रम मशीन, ज्यात सॅम्पलला मिळतात फक्त ०.८ सेकंद. ०.८ सेकंदात एक 'अहो' म्हणून होतं, बस.

'आय नो' मी मुद्दाम लवकर घेतलं, कारण या अल्बमचं सगळं मर्म त्यात आहे. ड्रम न्यू ऑर्लिन्सच्या ली डॉर्सीच्या 'गेट आउट ऑफ माय लाइफ, वुमन'मधले. गिटारचा तो लाडिक तुकडा मेम्फिसच्या मॅड लॅड्सचा. मध्ये गाऊन जाणारी ओळ स्टीली डॅन या बँडच्या 'पेग'मधली. आणि शीळ गायक ओटिस रेडिंगची, 'डॉक ऑफ द बे'च्या शेवटची. ते गाणं १९६७च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालं आणि १० डिसेंबरला विमान अपघातात ओटिस गेला. गाणं बाजारात आलं ते त्यानंतर. एकवीस वर्षांनी लाँग आयलंडवरच्या तीन पोरांनी ती शीळ उचलली आणि एका हसऱ्या प्रेमगीताच्या माथ्यावर ठेवली. मला हे दरवेळी नव्याने लागतं.

आता अडचण. त्या काळच्या सॅम्पलरमध्ये पट्टी आणि लय एकाच दोरीला बांधलेली असतात. तुकडा संथ केला की सूर उतरतो, जलद केला की चढतो. साधारण ६ टक्के वेग म्हणजे अर्धा स्वर, म्हणजे पांढरी पाचवरून काळी चारवर. चार गाणी, चार पट्ट्या, चार लयी. प्रत्येकाला खेचून एका सुरात आणायचं आणि ते करताना लयही जुळली पाहिजे. स्टुडिओत त्यांच्या हाताशी इव्हेंटाइडचा हार्मोनायझर होता, तो लय न बदलता सूर सरकवतो. मी तो अगदी शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवलाय, कारण नुसत्या वेगावर किती जमतं हे मला बघायचंय.

शीळ उचलणं हेच मुळात नाजूक काम. ती एकटी नाहीच. तिच्याखाली बँड वाजतोय, लाटांचा आवाज आहे. मी खालचे स्वर बरेच कापले, साधारण ८०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ सगळं, तरी बेसची सावली राहतेच. म्हणून शीळ सुरात आली तरी तिच्या पोटातला बेस बाकीच्यांशी भांडू शकतो. तिथेच गडबड आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती.

आमच्या खालच्या मजल्यावर माझी आत्या राहते. तिने तीस वर्षं पेटी शिकवली. मी लूप लावला. तिने डोळे मिटून चार आवर्तनं ऐकली आणि म्हणाली, "शीळ उतरलीय रे." मी खूश. शीळ पाव स्वर चढवली, घरी येऊन ऐकली, तर आता गिटारशी वाजेना. पुन्हा खाली गेलो. या वेळी तिने पेटी पुढ्यात ओढली, भात्याला हात घातला, एक सूर धरून ठेवला आणि मला एकेक तुकडा वेगळा लावायला सांगितलं. गिटार. शीळ, आधीची, न चढवलेली. मग 'पेग'ची ओळ. तिसऱ्या वेळी तिने बोट उचललं.

"अरे, तू भलत्यालाच ओढतोयस. शीळ आणि गिटार एकमेकांना धरून आहेत. हा गाणारा चढा लागलाय."

मग डोक्यात प्रकाश पडला. गिटार, ड्रम आणि शीळ मी विकत घेतलेल्या डिजिटल फाइलींतून उचललेत. 'पेग'चा वेगही मी फाइलवरच मोजून ठरवला होता. पण पुण्यात जुन्या रेकॉर्डच्या दुकानात 'पेग' ज्यात आहे त्या 'एजा' अल्बमची १९७७ची तबकडी मिळाली, तिचा आवाज इतका भरीव वाटला की हिशेब तोच ठेवून तुकडा मात्र तबकडीवरून घेतला. म्हणजे चूक माझ्या टर्नटेबलात. खूण आधीपासून होती, मला ती वाचता आली नाही: ती ओळ दरवेळी किंचित लवकर संपायची आणि मला वाटायचं की माझा कट लवकर पडतोय.

टर्नटेबलचा वेग मोजायला महागडं काही लागत नाही. कागदावर एक वर्तुळ काढायचं, कडेने समान अंतरावर १८० रेघा, छापून मधोमध भोक पाडायचं आणि तबकडीच्या जागी ठेवायचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग बरोबर असेल तर प्रत्येक लुकलुकीला एक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा स्थिर दिसतात. सरकायला लागल्या तर हिशेब फार सोपा आहे: सेकंदाला जितक्या रेघा सरकतील, तितके टक्के वेग चुकलेला. मात्र एलईडी ट्यूबखाली हे बहुतेक वेळा दिसतच नाही. माझ्या खोलीत नुसता करडा पट्टा फिरत होता. चोकवाली ट्यूब उरलीय ती आत्याच्या स्वयंपाकघरात.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी टर्नटेबल उचलून खाली नेलं आणि ओट्यावर, मिक्सर बाजूला सारून, मांडलं. आत्याने आमटीचा गॅस बारीक केला आणि मोबाइलवर एक मिनिट लावलं. मी वाकून रेघा मोजल्या. मिनिटाला ११४ पुढे. म्हणजे १.९ टक्के जलद, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आत्याच्या कानाने दोन मिनिटांत पकडला होता तो हाच.

माझ्या मशीनला तळाशी मोटरजवळ एक बारीक भोक आहे, आत वेगाचा स्क्रू. घड्याळ दुरुस्तीचा लहान स्क्रूड्रायव्हर घालून केसभर फिरवायचा, मग थांबायचं, कारण वेग स्थिरावायला काही सेकंद लागतात. तिसऱ्या प्रयत्नात रेघा थबकल्या. आधी हळू सरकत होत्या, मग जागच्या जागी थरथरल्या, मग अगदी गप्प. हे दृश्य मी कितीतरी वेळ बघत बसलो.

'पेग'ची ओळ पुन्हा उचलली, जुन्याच हिशेबाने बसवली, शीळ मूळ जागी आणली. बसलं. चारही तुकडे मिळून लागले ९.३ सेकंद, म्हणजे अडीच सेकंद अजून हातात आहेत.

यातून एक गोष्ट मला आतून कळली. या अल्बमबद्दल लिहिताना लोक नेहमी रंग, डेझीची फुलं आणि गंमत यांबद्दल लिहितात. गाण्यांच्या मधोमध येणारा तो गेम शो आहेच, आणि स्किटची, म्हणजे गाण्यांमधल्या छोट्या प्रहसनांची, पद्धत हिपहॉपमध्ये रुजवली ती याच अल्बमने. पण या सगळ्याच्या खाली सूर लावायचं काम आहे, तंबोरा जुळवण्याइतकं चिकाटीचं. निर्माता प्रिन्स पॉल तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला, स्टेट्सासॉनिक या हिपहॉप गटातला डीजे. पॉसडन्यूस, ट्रुगॉय आणि मेसिओ हे डे ला सोलचे तिघे त्याच्याहून लहान. यांनी जॉनी कॅशचा आवाज, पार्लमेंट या बँडचं यॉडेल (गळा एकदम वर-खाली उडवत गाणं), हॉल अँड ओट्सचा ठेका एका अल्बममध्ये नांदवला, आणि मला तरी कुठेही खडा लागत नाही. मला एका गाण्याला पाच आठवडे लागले.

काही जणांनी बांधलेला लूप पाठवा म्हणून विचारलंय. नाही पाठवणार, राग मानू नका. सेटिंगचे आकडे हवे तितके देतो, पण आवाज दुसऱ्यांच्या मालकीचे आहेत, आणि या अल्बमच्या चाहत्याने तर ते विसरू नयेच. 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' हा जेमतेम मिनिटभराचा तुकडा. टर्टल्स या बँडच्या 'यू शोड मी'चा संथ केलेला लूप आणि त्यावर फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डमधला आवाज. त्यावरून टर्टल्सच्या दोघांनी दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला. डिसेंबर १९९१मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलवरच्या खटल्याचा निकाल आला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरण्याचे दिवस संपले. सॅम्पलच्या हक्कांचं आणि जुन्या करारांचं गुंतागुंतीचं प्रकरण इतकं लांबलं की हा अल्बम स्ट्रीमिंगवर आला तो थेट ३ मार्च २०२३ला. ट्रुगॉय, म्हणजे डेव्ह, १२ फेब्रुवारीला गेला होता. १९ दिवस आधी. त्या रात्री अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत लावला तेव्हा त्याच्या प्रत्येक ओळीला मी थांबत होतो.

पुढे 'पॉटहोल्स इन माय लॉन' घेतोय. यॉडेल आहे पार्लमेंटच्या १९७०च्या 'लिटल ओल कंट्री बॉय'मधलं. कालच पहिला कट घेतला, आणि यॉडेलमध्ये स्वर एका क्षणात इतका वर उडी मारतो की कट कुठे पाडावा तेच ठरत नाही. उडीच्या आधी पाडला तर श्वास ऐकू येतो, नंतर पाडला तर उडीच जाते. सध्या श्वासासकट ठेवलाय. आत्याला रविवारी ऐकवणार आहे.