भाजी दिसू दे की! आमच्या घरातले नाष्ट्याचे मफिन

भाजी लपवून मुलांच्या पोटात घालायच्या रेसिपी नेटवर ढिगानं आहेत, पालक मिक्सरला फिरवून केकमध्ये घाला, दुधी किसून चॉकलेटमध्ये घाला म्हणजे त्यांना कळणारच नाही, आणि मला ते अजिबात पटत नाही. मूल खातंय तर त्याला कळू दे की आपण काय खातोय ते. मेथी खाल्ली तर मेथीची चव जिभेवर राहिली पाहिजे, नाहीतर मोठं झाल्यावरही ताटातली मेथी बाजूलाच सारणार ते. म्हणून आमच्या घरात जे मफिन होतात त्यात भाजी पिठापेक्षा जास्त असते, आणि फोडल्यावर हिरवं, केशरी, पांढरं सगळं उघड दिसतं.

आणि आपण बेळगावात राहून भाजी लपवायची म्हणजे काय! इथनं रोज पहाटे गाड्या भरून भाजी गोव्याला जाते, तिकडच्या लोकांचं अर्धं स्वयंपाकघर आपल्या शेतांवर चालतं. कडोली, कंग्राळी, उचगाव त्या बाजूच्या बायका सकाळी पाटी घेऊन बसतात ना, त्यांच्याकडं गाजराला माती असते, पात्याला (कांद्याच्या पातीला म्हणतेय) मुळं असतात, मेथीची जुडी मुठीत मावत नाही. हिवाळ्यात तर काय घेऊ आणि काय नको होतं. मी शनिवारी संध्याकाळी बाजार करते आणि रविवारचा नाष्टा त्या पिशवीवर ठरतो. मेथी कोवळी मिळाली तर मेथी-गाजर, ढबू मिरची चांगली असेल तर ढबू, पात आणि पनीर, पावसाळ्यात पालेभाजी चिखलानं भरलेली असते तेव्हा दुधी नाहीतर कोबी. रताळी आली की उकडून कुस्करून घालते, आपल्याकडची रताळी आधीच गोड, त्यामुळं चमचाभरसुद्धा साखर लागत नाही.

आत्यांनी (माझ्या सासूबाई) पहिल्यांदा ट्रे बघितला तेव्हा विचारलं होतं, "काय करालीस गं हे, केक व्हय? सकाळ सकाळ केक कोण खातंय?" त्यांचा प्रश्न बरोबरच होता. बेकरीत मफिन म्हणून जे मिळतं तो मैदा, साखर आणि डालडाचा कपकेकच असतो बहुतेक ठिकाणी, तो सणावाराला ठीक, नाष्ट्याला नाही. पण मी त्यांना म्हटलं आत्या, हे आपलं धोंडसच समजा, फक्त तिखटमिठाचं. माझं माहेर जांबोटीकडचं. आमच्या आजी पावसाळ्यात तवशी (मोठी काकडी) किसून, रवा, गूळ, खोबरं घालून पातेल्यात धोंडस लावायच्या, खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे. म्हणजे वरून खालून आच देऊन भाजीचा केक करणं आपल्याकडं आधीपासून आहे, ओव्हन तेवढा नवा. हे ऐकल्यावर आत्यांनी एक फोडून बघितला, मग दुसरा घेतला, आणि आता रविवारी त्याच विचारतात आज काय घालालीस म्हणून.

आता कृती सांगते, माप माझ्या घरातल्या कपाचं आहे, साधारण २४० मिलीचा. एक कप गव्हाचं पीठ, अर्धा कप नाचण्याचं. पीठ आमच्या गिरणीतनंच आणते, चपातीला दळतो तेच, वेगळं काही नको. खपली गव्हाचं पीठ असेल तर फारच छान, आपल्या जिल्ह्यात खपली पिकते आणि आपण ती खिरीपुरतीच ठेवतो, पण मफिनला ती एकदम योग्य कारण तिच्यातलं ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमजोर असतं, चपाती लाटताना त्रास देतं पण मफिन मात्र मऊ होतो. नाचणा आणि ज्वारीत ग्लूटेन नसतंच, त्यामुळं सगळंच त्यांचं करायला गेलं की मफिन भुसभुशीत होऊन हातात सुटतो, एकास अर्धा हे प्रमाण मला पटलेलं आहे. पाऊण कप दही, ताजं नको, थोडं आंबट. दोन्ही पिठं ह्या दह्यात अर्धा तास भिजवून ठेवायची, पाव कप दूध जवळ ठेवायचं लागेल तसं घालायला. हा अर्धा तास सोडू नका. गव्हाचा कोंडा आणि नाचणा दोन्ही हळूहळू पाणी ओढतात, न भिजवता भाजलं तर दाताखाली कचकच लागते आणि मग मुलं म्हणतात नाचण्याचं नको.

तोवर भाजी. किसून चिरून दोन कप भरली पाहिजे, वजनात सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. गाजर जाड किसणीनं, मेथी बारीक चिरून, ढबू मिरचीचे छोटे तुकडे, पात हिरव्या भागासकट. दुधी, कोबी, काकडी असल्या पाणीदार भाजीला पाऊण चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचं आणि मग हातात धरून घट्ट पिळायचं. पिळून निघालेलं पाणी टाकायचं नाही, दुधाऐवजी तेच वापरायचं, आणि मीठ त्यात आलेलं असतं म्हणून वरून परत घालायचं नाही. भाजी न पिळता घातली की ओव्हनमध्ये पाणी सोडते आणि मफिन वरून छान तांबूस, आत मात्र गिच्च. लसूण-हिरवी मिरची-जिरं ठेचून एक चमचा, हळद चिमूटभर, पांढरे तीळ, कोथिंबीर. चीज घालायचं असेल तर थोडं किसून, आमच्याकडं थोरल्याला लागतंच.

तेल पाव कप. एकदम तेल नको असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, गाजर-पालेभाजीतलं बीटा कॅरोटीन तेलातुपाच्या सोबतीनंच अंगी लागतं, शिवाय तेल नसलेला मफिन तासाभरात कोरडा पडतो. अंडं चालत असेल तर एक फेटून घाला, त्यानं आकार धरतो. आमच्याकडं सोमवार, संकष्टी, श्रावण असतं तेव्हा बिनअंड्याचा होतो आणि तोही चांगलाच होतो. बेकिंग पावडर मुळात असल्याच घरगुती अडचणीतनं आलीय बरं का, इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं १८४३ साली ती तयार केली कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. आपल्याला उपासाचं कारण, त्याला बायकोच्या तब्येतीचं.

आता सगळं एकत्र करायची वेळ, आणि इथं घाई हवी. ओव्हन आधी २०० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं तापवून ठेवा, ट्रेला तेल लावून ठेवा, आणि मगच भिजलेल्या पिठात तेल, अंडं, ठेचा घालून एकजीव करा. शेवटी दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा चाळून घाला, पाठोपाठ भाजी, आणि उलथन्यानं खालून वर चार-सहा वेळा फिरवून थांबा. फेटत बसायचं नाही, घोटायचं नाही, जितकं घोटाल तितकं ग्लूटेन तयार होतं आणि मफिन चिवट होतो. सोडा दह्याला भेटला की लगेच बुडबुडे यायला लागतात, ते बुडबुडे ओव्हनच्या आत गेले पाहिजेत, ओट्यावर नाही. मिश्रण भज्याच्या पिठापेक्षा घट्ट, चमच्यातनं धप्पकन पडेल असं. खळगे पाऊण भरायचे, वर तीळ नाहीतर कारळं टाकायचे.

सुरवातीची पाच मिनिटं २००, मग १८० वर बारा ते पंधरा मिनिटं. जोराच्या आचेनं एकदम फुगून वर घुमट येतो, मग आत सावकाश शिजतं. सुरी घालून बघा, कोरडी आली की झालं (सुरी चीजमध्ये घुसली तर ओली दिसणारच, दुसऱ्या जागी घालून बघा). बाहेर काढल्यावर ट्रेमध्ये पाचच मिनिटं ठेवायचे, जास्त ठेवले तर स्वतःच्याच वाफेनं तळ ओला होतो. दहा-बारा होतात.

दोन गोष्टी विचारल्या जातात म्हणून सांगते. गाजराच्या किसाभोवती कधीकधी हिरवट छटा दिसते, घाबरू नका, बुरशी नाही ती. सोडा जास्त झाला किंवा एका जागी राहिला की गाजरातल्या क्लोरोजेनिक अ‍ॅसिडशी त्याची रिअ‍ॅक्शन होते आणि तो रंग येतो, खायला काही त्रास नाही, पुढच्या वेळी सोडा नीट चाळा. आणि बीटचं उलटं, मिश्रण एवढं सुंदर गुलाबी असतं आणि भाजून निघाल्यावर तपकिरी, तो रंग उष्णतेला टिकत नाही. बीटाचा रंग मुलांना दाखवायचाच असेल तर कच्चं किसून दह्यात कालवून शेजारी वाढा, ते चांगलं.

ओव्हन नसलेल्यांनी वाचायचं सोडू नका. जुना ॲल्युमिनियमचा कुकर घ्या, रिंग आणि शिट्टी काढून टाका, तळाला जाड मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. आत पाणी घालायचं नाही. मग स्टीलच्या छोट्या वाट्यांना तेल लावून पाऊण भरून ठेवा, आच थोडी कमी करून पंचवीस ते तीस मिनिटं. वरचा तांबूस रंग ओव्हनएवढा येत नाही पण आतनं फरक नाही. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नसतो, तेव्हा आम्हीपण कुकरच लावतो. आप्पेपात्रातही होतात, झाकण ठेवून मंद आचेवर, एकदा उलटून, आणि धाकटीला ते इवलेसेच आवडतात, एकेक तोंडात.

वाढताना सोबत शेंगाची चटणी आणि लोणी. मामांना (सासरे) चहात बुडवून आवडतो, मसालेदार मफिन चहात कसा लागतो विचारू नका, ते मनापासून खातात हेच पुष्कळ, कारण साखरेमुळं त्यांना टोस्ट-बटर बंद आहेत आणि सकाळी नुसतं उप्पीट खाऊन कंटाळले होते. शेजारच्या कन्नड अक्कांना बशीभर दिले तर त्यांनी दारातच एक खाल्ला, "छलो आगेदरी" (छान झालंय) म्हणाल्या आणि बशी रिकामी परत न देता त्यांच्या घरची कडक भाकरी नि कारळाची चटणी घालून पाठवली, आणि दुसऱ्या मफिनवर ती चटणी लावून खाल्ली तर काय सांगू! आता कारळाची चटणी आमच्या मफिनसोबत कायमची.

एक मात्र खरं बोललं पाहिजे. मफिनमध्ये भाजी आहे म्हणून दिवसाची भाजी झाली असं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसानं दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात म्हणते, आणि हिशोब केला तर दोन मफिनमध्ये जेमतेम चाळीस ते पन्नास ग्रॅम भाजी जाते. म्हणजे दुपारच्या जेवणात पालेभाजी, कोशिंबीर, एखादं फळ हे लागणारच. मफिननं सुरुवात होते, आणि मुख्य म्हणजे मुलांची भाजीशी ओळख होते. आमचा थोरला आता बाजारात माझ्याबरोबर येतो, ढबू मिरची दाबून बघतो आणि मावशींना विचारतो, "मावशी, ही आजची काय?" ज्याच्या ताटात भाजी लपवलेली असते ते पोर असं विचारणार कुठनं?

शाळेच्या दिवशी करायचे असतील तर रात्रीच पीठ दह्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा आणि भाजी चिरून डब्यात, सोडा-पावडर मात्र सकाळीच. पीठ फ्रीजमधनं अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडगार पिठाला फुगायला वेळ लागतो. उरलेले फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. तिसऱ्या दिवशी भाजीला वास यायला लागतो, तोवर ठेवू नका. गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर झाकण ठेवून करा, कड कुरकुरीत होते. टिफिनला देताना पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. हरभऱ्याची कोवळी भाजी बाजारात आली की तिचा करून बघणार आहे, ती जरा आंबटसर असते तेव्हा दही थोडं कमी करावं लागेल असं वाटतंय, कुणी आधी केलं असेल तर प्रमाण नक्की सांगा.