पेडल सोडलं तरी ट्रॅक्टर सरकतोय?

इकडे अमेरिकेत घरामागच्या दोन-चार एकरांसाठी छोटे हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारे) ट्रॅक्टर घेतात ना, त्यात पेडल दाबाल तेवढा स्पीड, सोडलं की गाडी जागेवर थांबायला हवी. आमचा सोडल्यावरही गोगलगायीसारखा पुढे सरकायचा. लगेच पाना घेऊन बसू नका, आधी खाली वाकून बघा, पेडलच्या पिव्हटमध्ये, म्हणजे पेडल ज्यावर हलतं त्या सांध्यात, चिखल नि वाळलं गवत इतकं घट्ट बसतं की स्प्रिंग बिचारी त्याला न्यूट्रलला आणणार कशी! साफ करून ग्रीस मारलं, निम्मं काम तिथेच झालं. उरलेल्यासाठी चारही चाकं स्टँडवर (नुसत्या जॅकवर नाही हं!), इंजिन बंद, लॉकनट सैल करून लिंकेजचा रॉड (पेडलला ट्रान्समिशनशी जोडणारा) अगदी थोडा फिरवायचा, चालू करून बघायचं, चाकं फिरतायत? परत बंद, परत थोडा. कंटाळवाणं आहे, पण घाई केली की मग रिव्हर्समध्ये सरकायला लागतो.