पोरं पसरत नाहीत? मग गोल वाढवा

कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवायला घेतला की पहिली गंमत अशी, की त्यांना तो आधीच येत असतो. पेठांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर घरच्यांसोबत जाऊन ती तयार झालेली असतात. इथलाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, हेही पाठ. अकरा वर्षांच्या पोराच्या पायात फटका असतो, अंगात ईर्ष्या असते. फक्त मान वर नसते.

माझ्या बॅचचं दुखणं एकच, जिकडं बॉल तिकडं अख्खी वरात. "पसरा रे!" म्हणून ओरडलं की पसरायची, बॉल हलला की पुन्हा गोळा. पोरांच्या जागी उभं राहून बघितलं तर त्यात त्यांचं काही चुकत नाही. गोल एकच, तोही मधोमध. लांब उभं राहिलेल्याला बॉल मिळतो कधी? तेव्हा लांब उभं राहण्यात फायदा दिसेल असा खेळच मांडायचा, असं ठरवलं.

पाया घेतला होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाच्या 'फुनिनो'चा. तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल, कोपऱ्यांकडं सरकवलेले. गोल मारायचा तर समोरच्या गोलरेषेपासून सहा मीटरच्या आत येऊनच, म्हणजे लांबून फटके बंद. जाळीचे गोल कुठले आणायचे? खुणेचे कोन (शंकू) लावले, ते संपले तिथं चपला ठेवल्या. अर्ध्या ग्राउंडात असे तीन सामने एकाच वेळी बसतात, रांगेत उभं राहणं नाही. बॉल चार नंबरचा. या वयाला पाच नंबर जड जातो.

सुरुवातीला तिथंही वरात निघालीच. पण एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा, हे पोरांना दिसायला लागलं. एक जण पलीकडून बोंबलला, "अरे इकडं कोणच न्हाई, दे की!" हेच वाक्य मी बाहेरून सांगत होतो, मैदानातून आल्यावर त्याला किंमत आली.

मग पोरांनी पळवाट काढली. दोघं आपापल्या गोलात ठाण मांडून बसले. बंदी घालायचा मोह झाला, पण आवरला. दोन जण मागं बसले की पुढं एकटाच उरतो, तिघांकडून बॉल काढून घेणं त्याला जमत नाही. तो वैतागून भांडला आणि दोघं आपणहून उठले. जी अट खेळ स्वतः घालतो, ती शिट्टीनं घालू नये. 'तीन पास झाल्याशिवाय गोल नाही' ही लाडकी अट मला म्हणूनच पटत नाही. पोरं पास मोजतात, समोरची मोकळी वाट सोडतात.

बॉल घेण्याआधी मागं न बघण्यावर वेगळा खेळ लावला. चार विरुद्ध चार, दोन्ही टोकांना एकेक तटस्थ खेळाडू. गोल नाहीतच; एका टोकाकडून आलेला बॉल दुसऱ्या टोकाला पोचवला की गुण. सरळ पाठ करून बॉल घेणाऱ्याला वळायलाच जागा मिळत नाही, त्यामुळं हळूहळू अंग तिरकं ठेवून घेणं आलं. खांद्यावरून बघायची सवय मात्र अजून निम्म्यांनाच. इथं मैदान लहान करून चालत नाही. जागा आवळली की घाईत जुन्या सवयी परततात.

पालकांचं म्हणणं, "सर, नुसतं खेळवताय, प्रॅक्टिस कधी घेणार?" त्यांना राउंड आणि कोनमधली ड्रिबलिंग दिसली की समाधान. एका बाबांना मी कडेला उभं करून त्यांच्या पोरानं बॉलला किती वेळा पाय लावला ते मोजायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी मोजणं सोडलं आणि पोराला "डावीकडं बघ!" म्हणून ओरडायला लागले.

सध्या भिडलोय बचावातल्या आंधळ्या फटक्याशी. बॉल बाहेर भिरकावला की समोरच्या संघाला थ्रो-इन नाही, थेट गोलासमोरून किक, असा नियम लावून बघतोय. पोरं चिडलीत, म्हणजे नियम बरोबर जागी लागलाय असं वाटतं.