बुलाकीचे सोने

जोधपूर दरबारातील बुलाकी या चित्रकाराने १८२३ साली रंगवलेल्या एका चित्राकडे मी गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा वळतो आहे. ‘नाथचरित’ या हस्तलिखितासाठी केलेले हे चित्र सुमारे ४७ सेंटिमीटर उंच आणि १२३ सेंटिमीटर रुंद असून त्यात तीन चौकटी शेजारीशेजारी आहेत. पहिल्या चौकटीत केवळ सोने आहे. तिथे आकृती नाही, क्षितिज नाही, झाडाचे एखादे पानही नाही. दुसऱ्या चौकटीत एक नाथसिद्ध आसनस्थ दिसतो, आणि तिसऱ्या चौकटीत सिद्धाच्या सोबतीला चंदेरी जळ आले आहे. ती चंदेरी झाक कथिलाच्या मिश्रधातूने साधलेली आहे. सिद्धाच्या आसनाखाली जमीन कुठेच नाही, तरीही तो अधांतरी वाटत नाही. स्वप्नात आपण कुठे बसलो आहोत हा प्रश्न जसा पडत नाही, तसे काहीसे हे चित्र पाहताना होते.

हे चित्र ज्याच्यासाठी झाले, त्या महाराजा मानसिंहाची कथा या सोन्यामागे उभी आहे. १८०३ मध्ये तो जालोरच्या किल्ल्यात वेढ्यात अडकला होता आणि शरण जाण्याच्या बेतात होता. तेव्हा आयस देवनाथ या नाथयोग्याने, जालंधरनाथांची आज्ञा म्हणून, त्याला आणखी काही दिवस धीर धरण्यास सांगितले. त्याच अवधीत त्याचा प्रतिस्पर्धी भीमसिंह मरण पावला, वेढा उठला आणि मानसिंह जोधपूरच्या गादीवर आला. पुढे १८४३ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत त्याने नाथांना गुरुस्थानी ठेवले, त्यांच्यासाठी महामंदिर बांधले आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाची मोठमोठी चित्रे करवून घेतली. देवनाथांची १८१५ मध्ये हत्या झाली, तरी राजाची निष्ठा ढळली नाही.

आमच्या घरी श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ वाचले जाई, त्यामुळे जालंधरनाथ मला लहानपणापासून जालिंदरनाथ म्हणून ठाऊक होते. यज्ञकुंडातून प्रकटलेले, गोपीचंदाने खड्ड्यात पुरूनही जिवंत राहिलेले जालिंदर आजीच्या आवाजात अगदी समोर उभे राहत. मालू कवीची ही चाळीस अध्यायांची पोथी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाली. मराठी पोथीत नाथांचे चमत्कार ओवीबद्ध होत होते, त्याच्या चारच वर्षांनी मारवाडात बुलाकी त्याच परंपरेतून असे चित्र काढत होता ज्यात चमत्कार नाही, प्रसंग नाही, आणि पहिल्या चौकटीत तर नाथही नाही. हे मला ठाऊक झाले तेव्हा मी खरोखर थक्क झालो.

या चित्रातील प्रतीके अनोळखी नाहीत. सृष्टीच्या आरंभीचे अथांग जळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेषशायी नारायण येतो. बुलाकीने त्या जळापाशी कानात मुद्रा घातलेला योगी बसवला. हे धाडस लहान नव्हे, आणि त्यामागे नाथांना सर्व देवतांच्या वर नेण्याची राजाची इच्छाही आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र चित्राचे बळ त्या दाव्यात नाही, असे माझे मत आहे. ते आहे त्या रित्या सोन्यात. परमतत्त्व अनाम, अरूप आहे असे ग्रंथात लिहिणे शक्य असते, कारण शब्द नकार उच्चारू शकतो. चित्रकाराजवळ नकाराचा रंग नसतो. बुलाकीने सोने निवडले, जे प्रकाश परतवते आणि पाहणाऱ्याच्या हालचालीबरोबर बदलत राहते. माझ्याजवळच्या छापील प्रतीत ते दुर्दैवाने मोहरीसारखे मंद पिवळे उतरले आहे. मूळ कागदावर दिव्याच्या ज्योतीत ते कसे हलत असेल, याची मी केवळ कल्पना करतो.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत परमात्म्याला ‘स्वसंवेद्य’ म्हटले आहे, आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी सांगतात. स्वतःच स्वतःला जाणणारे, ज्याला दुसऱ्या दिव्याची गरज नाही असे ते तत्त्व रंगात उतरवायचे ठरवले, तर त्याला दुसऱ्या कोणत्या आकृतीची उपमा द्यायची? बुलाकीने एकही दिली नाही.

तिन्ही चौकटी मी झोपेच्या अवस्थांसारख्या वाचतो, आणि हे वाचन सर्वस्वी माझे आहे. सोने म्हणजे गाढ झोप, जिथे पाहणारा आणि पाहिले जाणारे वेगळे झालेले नाहीत. मधला सिद्ध म्हणजे स्वप्न, जिथे रूप आले पण जग आले नाही. आणि लहरी म्हणजे जागृतीची पहिली चाहूल. डावीकडून उजवीकडे जाताना सृष्टी उलगडते. योग्याची वाट मात्र उलटी आहे, लयाची. म्हणून अलीकडे मी हे चित्र उजवीकडून पाहू लागलो आहे. आधी जळ ओसरते, मग आसनावरचा सिद्धही मागे राहतो, आणि नजर शेवटी त्या चौकटीत येते जिथे पाहण्याजोगे म्हणून फक्त सोने उरले आहे, आणि ते अंगुळ-अंगुळ घोटून झळकवणाऱ्या हाताचे श्रम.